नागोबाच्या पाया न पडलेली घोडी

नाही, तो नारळ आधी खाली ठेवा. ठेवा हो काकू, कुणी पळवत नाही. नारळ पळत नाही आणि घोडीही पळत नाही, आणि घोडी पळत नाही हाच तर सगळा मुद्दा आहे, पण तो ऐकायचाय कुणाला? तुम्ही मुरबाडहून इथपर्यंत रिक्षा करून आलात, हातात हळदकुंकवाची पुडी, पिशवीत लाह्या, कारण तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की वैशाखरे गावच्या फार्मवरची बिजली घोडी पंचमीच्या दिवशी नागोबाच्या पाया पडली. सांगितलंय ना? बरं. मग त्या वेळी घोडीच्या पाठीवर कोण बसलं होतं, हे सांगितलं का? मी. मी बसले होते. कुणाली, बी.एस्सी. झूलॉजी, राहणार आटगाव, रोज शहापूर-मुरबाड रस्त्याचे खड्डे चुकवत स्कूटीवरून इथे येते आणि या फार्मवरच्या पाहुण्यांना घोड्यावर बसवून रानातून फिरवून आणते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, डोळ्यांदेखत काय, माझ्या बुडाखाली झालं, आणि मी तुम्हाला सांगते, घोडी कुणाच्याही पाया पडली नाही. घोडीने बघितलं. नुसतं बघितलं. पण घोडीला कुणी विचारलंय?

मुळात साप आणि घोडा म्हटलं की तुम्हाला काय दिसतं? साप फणा काढतो, घोडा दोन पायांवर उभा राहतो, खिंकाळतो, वरचा माणूस गडगडत दरीत. पडद्यावर बघितलंय सगळ्यांनी. अहो, त्या घोड्याला तसं उभं राहायला शिकवलेलं असतं, त्याच्यासमोर साप नसतो, शिकवणारा माणूस असतो, गूळ घेऊन. खऱ्या रानात खरा घोडा खरा साप दिसला की बहुतेक वेळा थांबतो. कान पुढे करतो. मान खाली घालतो, कारण देवाने त्याचे डोळे... निसर्गाने, निसर्गाने म्हणायचं होतं मला, बघा, रोज तुमच्यात राहून माझ्या तोंडी काय काय यायला लागलंय... तर निसर्गाने त्याचे डोळे बसवलेत डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे बिचाऱ्याला मागून येणारा टेंपो दिसतो पण स्वतःच्या नाकासमोरचं गवत धड दिसत नाही. मान खाली घातली की दिसतं. म्हणून घालतो. मग नाकातून फुर्र करतो, साप आपल्या वाटेने जातो, घोडा आपल्या वाटेने. एखादा बिचकतो, बाजूला उडी मारतो, मागे फिरतो, मी नाही म्हणत नाही, घोडा आहे तो, दगड नाही. पण तसा तो वाऱ्यावर उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीलाही बिचकतो, आणि मी तर म्हणेन पिशवीलाच जास्त, कारण साप त्याच्या बापजाद्यांनी बघितलाय, पिशवी कुणी बघितली होती?

आणि ही बिजली तर... हिची गोष्ट ऐका म्हणजे तुम्हीच तो नारळ परत पिशवीत घालाल. ही मूळची वरातीची घोडी. कल्याण-भिवंडीकडची. बिजली हे नाव तिला कुणी दिलं माहीत नाही, पण आमच्याकडच्या विजेसारखीच आहे, मनात आलं तर येते, नाहीतर उभी. डावा कान बघा तिचा, टोक नाही त्याला. फटाका. नवरदेवाच्या मामाने लावलेला. तेव्हाही ही उधळली नाही म्हणतात, नुसती थरथरत उभी राहिली आणि वरचा नवरदेव फेटा सावरत बसला. आता मला सांगा, जिने वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यावर कोट-टाय घातलेले नाग बघितलेत, तिला साप नवा आहे का? तुम्ही नाही बघितले ते नाग? बँडवाल्याने पुंगीची धून सुरू केली रे केली की एक काका तोंडात रुमालाचं टोक धरतो, दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात, तो गारुडी, आणि मग नाग जो रस्त्यावर लोळायला लागतो, पोटावर सरपटत थेट घोडीच्या पायापर्यंत, फणा काढून, वर त्याची बायको म्हणते, "अहो उठा, पाहुणे बघतायत." असले नव्वद-नव्वद किलोचे नाग बघून जी मान हलवत उभी राहिली, ती भातखाचरातल्या धामणीला घाबरेल? घाबरेल का, सांगा ना. पण लोक म्हणाले, घाबरली. घोडीला कुणी विचारलंय?

कोण म्हणालं? विपुल म्हणाला. हा विपुल म्हणजे ठाण्याचा एक पाहुणा, आषाढात ऑफिसच्या घोळक्याबरोबर आला होता. मी सगळ्यांना निघताना सांगते, लगाम ढिला धरा, ओरडू नका, आणि रेनकोट अंगाला घट्ट बसणारा घाला, फडफडणारा नको. विपुल सगळं ऐकून म्हणाला, "डोन्ट वरी मॅडम, मी गोव्याला केलंय," आणि निळा, पातळ, मेणकापडासारखा एक झगा पांघरून बसला. बसला तो बिजलीवर. आम्ही ओढ्याच्या अलीकडच्या बांधावरून चाललोय, पुढे बिजली, मागे बाकीची, आणि एक धामण बांधावरून आडवी निघाली. लांब, पिवळटसर, आपल्या घाईत. बिजली थांबली. कान पुढे, मान खाली. मी मागून म्हणते, थांबा, काही नाही, जाऊ द्या तिला. झालं असतं हो, एवढ्यातच संपलं असतं. पण विपुलने धामण बघितली आणि गोव्याला केलेलं सगळं विसरला. "साप, साप, अरे कोब्रा आहे," करत त्याने लगाम खेचला छातीपर्यंत, टाचा मारल्या पोटात, म्हणजे थांब पण म्हणतोय आणि पळ पण म्हणतोय, आणि दोन्ही हात वर केले तसा तो निळा झगा फडफड करत बिजलीच्या कानावर आला. मग मात्र ती निघाली. झग्याला घाबरून निघाली. आणि निघाली म्हणजे काय, दुडक्या चालीने बाजूच्या खाचरात उतरली, जिथे नुकतीच लावणी झालेली, आणि विपुल अलगद, अगदी अलगद, चिखलात बसला. धामण? ती मागे वळून बघत होती म्हणा, एवढा आरडाओरडा तिने तरी कधी ऐकला असेल.

एवढंच झालं. पण रात्री जेवताना विपुलने सांगायला सुरुवात केली. वरणभाताला धामणीचा नाग झाला. पापडापर्यंत नागाने फणा काढला. आणि जिलेबी आली तेव्हा बिजली दोन पायांवर उभी राहिली होती, खिंकाळत, आणि विपुलने प्रसंगावधान राखून स्वतः उडी मारली होती. दुसऱ्या दिवशी तेच फोनवरून जगाला कळवलं, फार्मला एक तारा देऊन. बरं, साक्षीदार कोण? आमचा नवशाकाका, तबेला सांभाळतो. मालक दीपेशशेटने विचारलं, "नवशा, घोडी सापाला घाबरली ना?" नवशाकाका म्हणाला, "व्हय शेट, घाबरली." मी विचारलं, "काका, ती सापाला घाबरली नाही ना?" तर म्हणाला, "नाय गो, सापाला कशाला घाबरंल." मी म्हटलं, "अहो, मग दोघांना दोन उत्तरं कशी?" तर म्हणतो, "तुमी दोघांनी इचारलं कसं ते बघ ना." जगात सगळ्यांना विचारून झालं, फक्त घोडीला कुणी विचारलं नाही.

आणि इथून खरं दुखणं सुरू झालं. दीपेशशेट म्हणाला, "कुणाली, इमोशनल होऊ नको, पण बिजली जाणार." कुठे जाणार? परत वरातीत. भिवंडीचा एक वरातवाला आहे, त्याने विपुलचं ते पुराण फोनवर वाचलं होतं आणि त्याला हवीच होती अशी घोडी, दोन पायांवर उभी राहणारी. श्रावणात लग्नं नसतात ना, मग तुळशीचं लग्न होईपर्यंत तिला तयार करता येतं. तयार म्हणजे कशी करतात माहिती आहे? जाऊ द्या, सणासुदीचं सांगत नाही. नडगीवर काठी बसते एवढं समजून घ्या. आणि ही आता म्हातारपणाकडे झुकलेली, मागचे गुडघे कुरकुरतात, उतारावर तिरकी चालते, तिला दोन पायांवर उभं करणार? ज्या गोष्टीची खोटी तक्रार झाली म्हणून तिला घालवायचं, तीच गोष्ट तिच्याकडून मारून करवून घ्यायची. हा कुठला न्याय?

मी गप्प बसले का? मी गप्प बसणाऱ्यातली आहे का? मी दीपेशशेटला अंगणात बोलावलं, बागेचा हिरवा पाइप बिजलीसमोर नागमोडी टाकला, म्हटलं, बघा. बिजलीने मान खाली घातली, हुंगलं, आणि पाइप ओलांडून शेवंतीची रोपं खायला गेली. दीपेशशेट म्हणाला, "हा पाइप आहे हे तिला कळतं, म्हणून घाबरली नाही." मी म्हटलं, "म्हणजे पाइप कुठला आणि साप कुठला एवढं तिला कळतं, आणि तरी ती वेडी?" तर म्हणाला, "वाद घालू नको." वाद. मी पुरावा देते त्याला हे वाद म्हणतात. मग मला सुचलं, आमच्या आटगावचा पंकज सर्पमित्र आहे, त्याला म्हणावं एखादी पकडलेली धामण सोडायला इथे घेऊन ये. फोन उचलला आणि खाली ठेवला. कारण मी काय करणार होते? घोडीला न्याय मिळावा म्हणून बरणीतल्या सापाचा तमाशा करणार होते. घोडीला कुणी विचारत नाही म्हणून बोंबलणारी मी, सापाला विचारलं होतं का? नाही ना? मग. तत्त्व म्हणजे तत्त्व.

वरातवाला आला नेमका पंचमीला. टेंपो घेऊनच आला, म्हणजे ठरवूनच आला. पांढरे बूट, श्रावणात, आमच्या चिखलात. घोडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारतो, "मॅडम, दो पाय पे खडी रहती ना? उंच उठते का?" मी म्हटलं, "ही उठत नाही. बसली की उठायलाही वेळ लावते." तो म्हणाला, "चालवून दाखवा ना जरा." दीपेशशेट म्हणाला, "कुणाली, दाखव." माझ्या मनात आलं होतं की बसावं आणि तशीच माळशेजच्या दिशेने निघून जावं, पण बिजलीचा वेग बघता त्यांनी मला चालत गाठलं असतं. बसले. पुढे मी आणि बिजली, मागे दीपेशशेट छत्री धरून, छत्रीखाली वरातवाला, सगळ्यात मागे नवशाकाका, दोघांनाही व्हय म्हणत.

त्याच ओढ्याच्या अलीकडे वारूळ आहे. पाड्यावरच्या बायका पंचमीला तिथे जातात, दूध, लाह्या, हळद. त्या दिवशी आमच्याकडे कुणी नांगर धरत नाही, कुदळ मारत नाही, विळा लावत नाही, जमिनीतल्याला इजा नको. तर बायका समोरून येतायत, पुढे बाईजा आजी, सगळ्या पाड्याची आजी, आणि आम्ही अलीकडून जातोय, आणि मधल्या बांधावर... हो. धामण. तीच का दुसरी, मी काय तिचं आधार कार्ड बघितलं नाही. उन्हाची तिरीप आली होती, आडवी पसरली होती आरामात.

बिजली थांबली. सगळेच थांबले. वरातवाल्याने फोन काढला, शूटिंगला, आणि कुजबुजतो, "आता उठेल, आता उठेल." दीपेशशेट मागे सरकला. आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणाला मला, मला, जिने पानंच्या पानं वाचलीत, जी तुम्हाला अर्धा तास घोड्याचे डोळे समजावते, तिला धाकधूक झाली. ही आज उठली तर संपलं. हिला आज डास चावला आणि हिने पाय झाडला तरी तो टेंपोत भरून नेणार. मी लगाम सोडून दिला. सगळा सोडला. म्हटलं, बाई, तुला जे करायचंय ते कर, आज पहिल्यांदा कुणीतरी तुला विचारतंय.

तिने कान पुढे केले. मान खाली घातली, हळूहळू, आणखी खाली, इतकी की नाक जमिनीला टेकलं. मी तिच्या मानेवरून पुढे घसरले, आयाळ धरून लोंबकळले. फुर्र. धामणीने डोकं थोडं वर केलं. ही बघतेय, ती बघतेय. घाई कुणालाच नाही. पलीकडे बायका ताट धरून उभ्या, अलीकडे फोन धरून वरातवाला. मग धामण निघाली, सावकाश, सगळी लांबी मोजून दाखवत गवतात गेली, आणि ती पूर्ण जाईपर्यंत बिजलीने मान वर केली नाही.

वरातवाला फोन खिशात घालत म्हणाला, "ये काय कामाची नाय शेट. ही तर मान टाकते. नवरदेव सरळ बँडवाल्यावर जाईल." ऐकलंत? जिंकले. मी आणि बिजली, आम्ही जिंकलो. मी मानेवर लोंबकळत होते म्हणून, नाहीतर नाचले असते, रुमाल तोंडात धरून. मी दीपेशशेटकडे वळून म्हणणार होते, बघा, हे असं असतं, घोडा सापाला बघतो, समजून घेतो, वाट देतो. तोंड उघडलं पण होतं.

तेवढ्यात बाईजा आजीने ताट खाली ठेवलं आणि हात जोडले. "पाया पडली गो. मुकं जनावर नागोबाच्या पाया पडलं." झालं. मागच्या सगळ्या बायकांनी हात जोडले. नवशाकाका म्हणाला, "व्हय, पडली." मी खाली उडी मारली, म्हटलं, "आजी, अहो ती पाया नाही पडली, तिला नाकासमोरचं दिसत नाही म्हणून मान खाली घालते. आणि तो नागोबा नव्हता, धामण होती." आजी म्हणाली, "धामण व्हती ते मला दिसलं. मी काय आंधली नाय. पण आज पंचमी हाय, आज सगलेच द्याव." आणि त्यांनी बिजलीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पुढ्यात लाह्या ठेवल्या, त्या तिने खाल्ल्या, ताटातल्या फुलांसकट, तर म्हणे नैवेद्य घेतला.

आम्ही फार्मवर परतलो, बायकाही मागोमाग, पण दीपेशशेट अजून कचाट्यातच होता, कारण आता वरातवाला म्हणत होता, अर्ध्या भावात देत असाल तर नेतो, सामान ओढायला होईल. वरातवाला टेंपोचं मागचं फळकूट पाडायला लागला, तशी बाईजा आजी टेंपोसमोर उभी राहिली. "पंचमीचं जमिनीत कुदळ मारत नाय आमी, आन् तू पाया पडल्याली घोडी नेतोस? ने. वाटंत काय झालं तं आमाला नको सांगूस." तो माणूस पांढऱ्या बुटांसकट टेंपोत चढला आणि असा गेला की आम्हाला त्याचा धूर तेवढा दिसला.

मी तरीही सोडलं नाही. आजीला बाजूला घेतलं, म्हटलं, "आजी, उपकार झाले, पण लोकांना खरं सांगायला पाहिजे. मी महिनाभर हेच सांगतेय." आजी माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "तुजं खरंच असंल गो. पण तुज्या खऱ्यानं घोडी टेंपोत चढत व्हती."

आता या वाक्याला काय उत्तर आहे? मी रोज शोधते. खड्डे चुकवताना शोधते. सापडलं नाही. पण म्हणून मी गप्प बसेन असं नाही, बघताय ना, तुम्हाला सांगतेच आहे. येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. लोक शांतपणे ऐकतात, मान डोलावतात, आणि विचारतात, "बरं, नारळ कुठे फोडायचा?"

दीपेशशेटने फाट्यावर फलक लावलाय, पाया पडणारी घोडी, बाण, पार्किंग. आणि परवा कोण यावं? विपुल. आईला घेऊन. हातात एवढा मोठा हार. मी म्हटलं, "तुम्ही? तुम्हाला तर हिने चिखलात पाडलं होतं." तर डोळे मिटून म्हणाला, "पाडलं नाही मॅडम. मलाही नमस्कार करायला लावला. मला तेव्हा कळलं नाही." आणि त्याने दुसरा शेरा लिहिलाय. पाच तारे. मी म्हटलं, अहो विपुल, तो तुमचा निळा झगा होता... तो म्हणाला, "निळा. बरोबर. शंकराचा रंग."

घोडीला कुणी विचारलंय? मी विचारते रोज. संध्याकाळी तिच्या कपाळाचं कुंकू ओल्या फडक्याने पुसते, कारण तिला त्याने खाज येते, आणि विचारते, बाई, हे चाललंय ते तुला पटतंय का? ती खोबरं चघळत असते. गुडघ्यांना आराम आहे, पाठीवर ओझं नाही, फटाका नाही. तिला पटतंय असं दिसतं. तत्त्व फक्त माझंच आहे, तिचं काही नाही.

आले हो शेट, आले. लाइन थांबलीय म्हणे. हे बघा काकू, मी माझं सांगितलं, तुम्ही तुमचं करा. ती प्लास्टिकची पिशवी आधी घडी करून कमरेला खोचा, तिला ती बिलकूल चालत नाही. झेंडू नको, लाह्या चालतील. आणि नाकाच्या अगदी समोर जाऊन वाकू नका, तिला तिथलं दिसत नाही, तिला वाटतं काय आलं खाली, मग ती बघायला मान... अहो, थांबा, वाकू नका म्हटलं ना...

झालं. घातली मान.

आता रडू नका हो काकू. द्या तो नारळ इकडे. पुढचे कोण?